हॉकी पाहताना रस कुठे अडतो?



संयोजकांनी आजचा विषय प्रश्नाच्या रूपात दिला आहे. आजची व्यावसायिक हॉकी पाहायला पूर्वीइतकी रंगतदार राहिली आहे का? विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं इथे काय काम? काम एवढंच, की या प्रश्नात 'पाहणं' आणि 'रंगत' हे दोन शब्द आहेत, आणि दोन्ही वाटतात तितके सोपे नाहीत. हॉकी म्हणजे आपली मैदानावरची हॉकी. बर्फावरच्या हॉकीचं दुःख तिकडच्या मंडळींनी मांडावं. 'व्यावसायिक' म्हणजे काय, तेही सांगून ठेवतो. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, २०१९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाची प्रो लीग आली. खेळाडूंचे लिलाव, करार, प्रत्येक चालीचं चित्रण तपासणारे विश्लेषक, हे सगळं ज्या हॉकीत आहे ती हॉकी.

आमच्या पिढीला या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ आहे. पूर्वी गवतावर कला होती, मग कृत्रिम गवत आलं, कला गेली आणि दमसास उरला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातवा आला. तेव्हापासून हे उत्तर आम्ही एकमेकांना सांगत आलो. आम्हीही ते बरीच वर्षं सांगितलं. आज आधी त्याची उलटतपासणी करू या.

आमच्या पिढीच्या स्मरणातला सर्वांत थरारक सामना कोणता? १५ मार्च १९७५, क्वालालंपूर, विश्वचषकाची अंतिम लढत, भारत २, पाकिस्तान १. अशोक कुमारचा तो गोल आजही आमच्या डोळ्यांपुढे उभा आहे. चेंडू खांबाच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पंचांनी गोल दिला, पाकिस्तानी खेळाडू हुज्जत घालत राहिले. आता एक कबुली. हा गोल आम्ही पाहिलेलाच नाही. आम्ही तो ऐकला. जसदेव सिंग यांच्या आवाजात, रेडिओभोवती कोंडाळं करून ऐकला. त्या आवाजाची पट्टी चढत गेली तसे आम्ही खुर्चीतून उठत गेलो. म्हणजे 'पूर्वीची हॉकी पाहायला जास्त रंगतदार होती' या विधानाचा आमच्यापुरता मुख्य पुरावा एका न पाहिलेल्या सामन्याचा आहे! न्यायशास्त्रात याला शब्दप्रमाण म्हणतात, प्रत्यक्ष नव्हे.

आणखी एक. कलेचा काळ म्हणून आम्ही ज्या स्पर्धेकडे बोट दाखवतो, तिथे निर्णायक क्षणी काय घडलं? उपांत्य फेरीत मलेशियाविरुद्ध भारत मागे होता. बदली म्हणून अस्लम शेर खान आला आणि त्याने बरोबरी साधली. कशावर? पेनल्टी कॉर्नरवर. अंतिम सामन्यात सुरजित सिंगने बरोबरीचा गोल केला. कशावर? पेनल्टी कॉर्नरवर. ज्या पेनल्टी कॉर्नरला आम्ही आज रंगतीचा मारेकरी म्हणतो, त्यानेच आमचा सुवर्णक्षण घडवला होता. आणि त्याहून जुन्या काळात जायचं तर १९३२ साली भारताने अमेरिकेला २४–१ असं हरवलं. अभिमान वाटावा असाच आकडा आहे, पण मैदानावर बसून पाहायला तो सामना रंगतदार असेल का? दहाव्या गोलानंतर काय उरलं असेल?

तेव्हा जुनं ते सोनं, हे उत्तर बाजूला ठेवू. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. तक्रार करणाऱ्याने कारण चुकीचं सांगितलं, तरी त्याचं दुखणं खरं असू शकतं. डॉक्टर मंडळींना हे ठाऊक असतं.

काही हॉकी आम्ही प्रत्यक्षही पाहिली. खडकीच्या मैदानांवर पाहिली, मुंबईला चर्चगेटच्या स्टेडियमवर पाहिली. खडकी हे हॉकीचं गाव. धनराज पिल्ले तिथलाच. धनराज चार ऑलिंपिक खेळला, १९९२ पासून २००४ पर्यंत, आणि हे सगळं त्या 'कला मारणाऱ्या' कृत्रिम मैदानावर. त्याच्याकडे चेंडू गेला की माणसं बोलणं अर्ध्यावर सोडत. असं का व्हायचं, यावर आम्ही बराच विचार केला. वेग होता, हुलकावणी होती, हे झालं वर्णन. कारण आम्हाला वेगळं वाटतं. समोर बचावपटू उभा आहे, डावीकडे रेषा आहे, उजवीकडे जागा आहे पण तिथे दुसरा बचावपटू धावत येतोय, आणि चेंडू स्टिकला चिकटलेला आहे. या माणसाची अडचण आपल्याला गॅलरीतून स्वच्छ दिसते. आपल्या मनात प्रश्न उभा राहतो: आता हा काय करील? आणि उत्तर मिळेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद, त्यालाच आम्ही रंगत म्हणतो. 'गोल होईल का?' हा प्रश्न निकालाविषयी असतो. 'हा काय करील?' हा प्रश्न माणसाविषयी असतो. पहिल्या प्रश्नाची उत्कंठा लॉटरीच्या सोडतीतही असते. दुसऱ्या प्रश्नाची फक्त खेळात आणि नाटकात.

नाटकाचं नाव आलं तर अभिनवगुप्तांकडे जाऊ या. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना त्यांनी एक फार व्यवहारी गोष्ट केली. रस म्हणजे काय हे तर सांगितलंच, पण प्रेक्षकाला रस येत नाही तेव्हा नेमकं काय आड येतं, याची यादीही केली. त्यांना ते रसविघ्नं म्हणतात. अशी सात विघ्नं आहेत. आम्ही वर्गात ती वर्षानुवर्षं नाटकाची उदाहरणं देऊन शिकवली आणि निवृत्तीनंतर टीव्हीवर हॉकी बघताना लक्षात आलं, की अरे, यातली चार तर इथे समोरच बसली आहेत. त्या चारांविषयीच बोलतो.

पहिलं, प्रतीत्युपायवैकल्य, आणि त्याला लागूनच दुसरं, स्फुटत्वाभाव. पहिल्याचा अर्थ, कळण्याचं साधनच अपुरं असणं. दुसऱ्याचा अर्थ, जे दिसतं ते स्पष्ट नसणं. हॉकीचा चेंडू लहान आहे आणि कृत्रिम मैदानावर तो गवतावरच्यापेक्षा कितीतरी वेगाने जातो. गवतावर चेंडू उडायचा, अडखळायचा, त्यामुळे तो नुसता थांबवणं हीच एक कला होती आणि त्या थांबण्यात प्रेक्षकालाही श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता चेंडू सरळ येतो, थांबतो, पुढे जातो. आयोजकांना ही अडचण कळत नव्हती असं नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला मैदान निळं केलं आणि चेंडू पिवळा केला, तो दिसावा म्हणूनच. उपाय चांगला होता. चेंडू दिसू लागला. पण नियम बदलत गेले तसा चेंडूमागचा विचार दिसेनासा झाला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑफसाइड गेला. २००९ पासून फ्री हिट घेणाऱ्याला स्वतःकडेच चेंडू घेऊन निघता येऊ लागलं. दोन्ही बदल खेळ मोकळा व्हावा म्हणून केले आणि तो झालाही. मात्र शिट्टी वाजल्यावर दोन्ही संघ आपापल्या जागा घेत, तेव्हा प्रेक्षकही आपली जागा घेत असे. कोण कुठे उभा आहे, कोणाला कोण अडवतोय, हे त्या थांब्यात नजरेत भरायचं. तो थांबा आता जवळजवळ नाही. ज्याने कधी स्टिक हातात धरली आहे त्याची नजर तरीही पुढे पळते. बाकीच्यांची मागे राहते आणि मागे राहिलेली नजर फक्त फलकाकडे पाहते.

याच विघ्नात आम्ही बदली खेळाडूंचा नियमही धरतो. १९९२ पासून सामन्यात कितीही वेळा खेळाडू आत-बाहेर करता येतात. २०१४ पासून पस्तीस मिनिटांचे दोन भाग जाऊन पंधरा मिनिटांचे चार भाग आले. आघाडीचा खेळाडू काही मिनिटं जीव तोडून धावतो, बाकावर येतो, पाणी पितो, पुन्हा जातो. खेळाच्या गतीसाठी हे उत्तम. आमचं काय जातं? थकवा जातो. पूर्वी शेवटच्या दहा मिनिटांत सगळ्यांचे पाय जड झालेले दिसायचे आणि त्या जडपणात एखादाच अजून पळत असायचा. त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी कळायचं. सत्तर मिनिटं एकाच माणसाच्या मागे नजर राहिली की तो माणूस पात्र होतो. आत-बाहेर करणाऱ्या माणसाचं पात्र व्हायला वेळ लागतो. अशक्य आहे असं आम्ही म्हणत नाही, वेळ लागतो.

तिसरं विघ्न, अप्रधानता. जे मुख्य असायला हवं ते गौण होणं आणि गौण ते मुख्य होऊन बसणं. आमच्या मते आजच्या हॉकीवरची सर्वांत गंभीर टीका याच खात्यावर मांडावी लागते, आणि तिचं नाव पेनल्टी कॉर्नर.

पॅरिस ऑलिंपिकचा, २०२४ चा हिशेब घ्या. भारताने कांस्यपदक मिळवलं. आठ सामन्यांत एकूण १५ गोल. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे. त्या दहांतले सात पेनल्टी कॉर्नरवर, तीन पेनल्टी स्ट्रोकवर. हरमनप्रीत महान खेळाडू आहे, ड्रॅग-फ्लिक ही अवघड विद्या आहे, याबद्दल वाद नाही. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका जोरात मारला तर तो गोलच्या फळीच्या उंचीवर, म्हणजे साधारण दीड फुटावर जाता कामा नये. पण चेंडू स्टिकवर ओढत नेऊन फेकला तर तो उंच जाऊ शकतो. नियमातल्या या फटीतून एक आख्खी कला जन्माला आली. ती पाहायला आम्हाला आवडतेच.

तक्रार आहे ती त्या कॉर्नरच्या आधी जे घडतं त्याविषयी. बचावपटूच्या पायाला 'डी'मध्ये चेंडू लागला की कॉर्नर मिळतो. मग हुशार आक्रमक काय करतो? तो गोलकडे बघतो आणि गोलकीपर, दोन बचावपटू, अरुंद कोन असं सगळं पाहून ठरवतो, की गोल शोधण्यापेक्षा पाय शोधावा. तो 'डी'त शिरतो, चेंडू समोरच्याच्या बुटावर नेऊन घालतो आणि हात वर करतो. शिट्टी. त्याच्या दृष्टीने हे संपूर्णपणे शहाणपणाचं आहे. प्रशिक्षक त्याची पाठ थोपटेल. पण गॅलरीतला माणूस 'आता हा काय करील?' असं विचारत होता आणि त्याला मिळालेलं उत्तर आहे: याने समोरच्याच्या पायाला चेंडू लावला. मग घड्याळ ४० सेकंद थांबतं, बचावपटू मुखवटे चढवतात, पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे जातात. एक सुंदर, बंदिस्त, वेगळाच खेळ सुरू होतो. एखाद्या संगीत नाटकात प्रत्येक प्रवेश केवळ पुढच्या पदाची सोय म्हणून लिहिलेला असावा, तसं हे आहे. पद उत्तम असेल. प्रवेश मेला.

यावर उपाय करून पाहिला गेला, आणि तोही आपल्याकडे. हॉकी इंडिया लीगने २०१६ आणि २०१७ साली नियम केला, की मैदानी गोल झाला तर तो दोन गोल धरायचा. हेतू स्वच्छ होता, आक्रमकाने पाय शोधू नये, गोल शोधावा. आम्हाला हा प्रयोग तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार रंजक वाटला, पटला मात्र नाही. दुप्पट गुण देऊन रंगत दुप्पट होत नाही. फलक मोठा होतो. एका फटक्यात ०–१ चं २–१ होऊ लागलं की 'गोल होईल का' हा निकालाचा प्रश्न आणखी मोठा होतो, आणि माणसाविषयीचा प्रश्न तिथेच राहतो. मुळात पाय शोधणं स्वस्त आहे ही अडचण आहे. नकळत पायाला लागलेल्या चेंडूला कॉर्नरची शिक्षा जास्त आहे असं आमचं मत आहे. तिथे काहीतरी हलकी शिक्षा ठेवावी, आणि कॉर्नर खऱ्या अपराधासाठी राखावा. गोलची किंमत वाढवण्यापेक्षा पायाची किंमत कमी करावी.

इथे आमच्याच विरुद्ध दोन सामने उभे राहतात, आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला टोकियोचा. ऑगस्ट २०२१, कांस्यपदकाची लढत, जर्मनी. भारत १–३ असा मागे पडला, मग ५–४ असा पुढे गेला. शेवटची सहा सेकंदं उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला. त्या क्षणी आम्ही घरात उभे होतो आणि आमचा श्वास चालू होता की नाही हे सांगता येणार नाही. दुसरा पॅरिसचा, ग्रेट ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व लढत. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. पुढची जवळपास त्रेचाळीस मिनिटं भारत दहा जणांनी खेळला. गेलेला माणूसही कोण, तर पेनल्टी कॉर्नर अडवायला सर्वांत पुढे धावणारा. १–१ अशी बरोबरी राहिली आणि शूटआउटमध्ये भारत ४–२ असा जिंकला. टोकियोतच महिला संघाने ऑस्ट्रेलियाला १–० हरवलं, तेही गुरजित कौरच्या पेनल्टी कॉर्नरवरच्या एका गोलाने आणि मग उरलेला सगळा वेळ सविताच्या गोलरक्षणाच्या भरवशावर.

हे सामने रंगले नाहीत असं कोण म्हणेल? मग आमचा सिद्धांत गेला का? आम्हाला उलट वाटतं. या तिन्ही सामन्यांत प्रेक्षकाला अडचण दिसत होती. दहा जण अकरांना अडवताहेत, यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. कोणाला धाप लागली, कोणाच्या जागेवर कोण सरकला, हे हॉकी कधी न पाहिलेल्या माणसालाही दिसत होतं. सहा सेकंद आणि एक कॉर्नर, यात पुढे पळवाट नाही हे सगळ्यांना कळत होतं. म्हणजे आजच्या हॉकीत रंगत निर्माण करण्याची ताकद पूर्वीइतकीच आहे, कदाचित जास्त. मात्र ती प्रेक्षकापर्यंत पोहोचायला अपघात लागतो: लाल कार्ड, शेवटची सहा सेकंदं, पदक. साध्या मंगळवारच्या साध्या सामन्यात ती खेळाडूंना जाणवत असते, आपल्यापर्यंत येत नाही.

आणि आता चौथं विघ्न. ते आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते मैदानावर नाही, आपल्या खुर्चीत आहे. निजसुखादिविवशीभाव. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की समोरचं दिसतच नाही. आम्ही वर दिलेली उदाहरणं पुन्हा पाहा. सगळी भारताची. जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्यातला एखादा सामना आम्ही उदाहरण म्हणून का दिला नाही? कारण आम्ही तो पाहताना उठून चहा करायला गेलो होतो. चार वर्षांतून एकदा आपण टीव्ही लावतो, पदक मिळतं का एवढं पाहतो, मिळालं की हॉकीचे चांगले दिवस आले म्हणतो, नाही मिळालं की हॉकीत आता पूर्वीसारखी मजा नाही म्हणतो. अशा माणसाला रंगत नाही दिसली तर दोष कुणाचा?

अभिनवगुप्तांच्या परंपरेत रसिकाला सहृदय म्हणतात आणि सहृदय जन्मत नाही, सवयीने घडतो. क्रिकेटमध्ये आपण घडलो आहोत. गोलंदाजाने क्षेत्ररक्षक दोन पावलं मागे सरकवला, की शेजारचा बारा वर्षांचा मुलगाही सांगतो, आता आखूड चेंडू येणार. त्याला बोलंदाजी करता येते म्हणून नव्हे, त्याने ती गल्लीत करून पाहिली आहे म्हणून. हॉकीत ती गल्ली आपल्याकडे उरलेली नाही. कृत्रिम मैदान महाग, त्याला पाणी लागतं, ते मोजक्या ठिकाणी. गवतावर किंवा मातीवर खेळणारी शाळकरी पोरं कमी होत गेली. खेळाडू कमी झाले ही काळजी सगळे करतात. आमची काळजी वेगळी आहे. स्टिक हातात धरलेले प्रेक्षक कमी झाले. ज्या खेळाला वाचणारे डोळे उरत नाहीत, त्या खेळाचे आयोजक मग संगीत वाढवतात, रोषणाई करतात, गोल दुप्पट मोजतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ते उरलेल्या प्रेक्षकाशी त्याला कळेल त्या भाषेत बोलत आहेत.

तेव्हा संयोजकांच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. हॉकी कमी रंगतदार झालेली नाही. ती वाचायला अवघड झाली आहे, आणि त्याच काळात आपलं वाचन सुटलं. पेनल्टी कॉर्नरचा स्वस्तपणा हा तिचा स्वतःचा खरा दोष आहे आणि तो नियम करणाऱ्यांनी दुरुस्त करावा. बाकीचं काम आपलं.

ते कसं करायचं, याची एक साधी युक्ती सांगून थांबतो. ती आमची स्वतःची, गेल्या काही वर्षांतली. सामन्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांत चेंडूकडे पाहायचंच नाही. एक खेळाडू निवडायचा, शक्यतो मधल्या फळीतला, आणि तो मैदानावर असेपर्यंत फक्त त्याच्याकडे पाहायचं. चेंडू नसताना तो कुठे धावतो, कुणाला हाक मारतो, कुठे थांबतो. टीव्हीवर हे नीट जमत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. म्हणून मैदानावर जावं लागतं. स्थानिक सामन्यांना बहुधा तिकीट नसतं आणि बसायला हवी तेवढी जागा असते. पहिल्या दिवशी आम्हाला काही कळलं नाही. तिसऱ्या सामन्याला आम्ही निवडलेला एक पोरगा चेंडू मिळण्याच्या आधीच उजवीकडे वळला आणि आम्ही नकळत म्हणालो, 'आता हा काय करील?' शेजारी कुणी नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.